साडेचारशेच्या आतली गाडी

एल्व्हिओ बेर्तिनातला गाडी धड चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. खरीही नाही आणि पडद्यावरच्या खेळातलीही नाही. खऱ्या गाडीने त्याने एकदा धान्य संस्थेच्या फाटकाचा खांब पाडला, आणि त्यानंतर तो जन्मभर सायकलवरच फिरला. खेळात तर तो पहिल्याच वळणाला गवतात जातो. तरीही शनिवारी चार वाजता आमच्या क्लबच्या हॉलमध्ये शर्यत असली, की गुरुवारपासून लोक त्याच्या मागे लागलेले असतात. "एल्व्हिओ, या खेपेला कुठली घेऊ?" शर्यती भरवणारा उलिसेस शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो, चार बुकं शिकलेला माणूस, पण तोही विचारतो. विचारताना फक्त आवाज खाली आणतो.

मी ओफेलिया. या क्लबचं कँटीन एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे, आणि हॉलमध्ये जायचं तर माझ्या काउंटरवरूनच जावं लागतं. त्यामुळे कोण काय बोललं, कोण कुणावर रुसलं, हे मला वेगळं विचारावं लागत नाही.

खेळ असा आहे, की त्यातल्या प्रत्येक गाडीला एक आकडा असतो. इंजिनाची ताकद, वजन, टायर, सगळं मिळून खेळच तो आकडा काढतो. शर्यतीला हद्द घातलेली असते. साडेचारशे म्हणजे साडेचारशे, वर एक जरी गेला तरी गाडी सुरुवातीच्या रेषेवर उभी राहू देत नाहीत. मग दांडगी गाडी आणून तिचा गळा आवळायचा, की अशक्त गाडीला खाऊपिऊ घालून वर आणायची, की मुळातच नेमकी बसणारी शोधायची, इथे सगळी मेख असते. बाकीचे लोक ताकद बघतात आणि आपटतात. एल्व्हिओ वजन बघतो.

बघणारच. एकतीस वर्षं तो संस्थेच्या ट्रककाट्यावर होता. सोयाबीन, गहू, मका, जे काही कोलोनिया ग्रेगोरियातून बाहेर गेलं ते त्याच्या डोळ्यांखालून गेलं. ट्रक काट्यावर चढायच्या आधीच, नुसते टायर बघून तो वजन सांगायचा आणि पाच-पन्नास किलोंच्या आत बरोबर यायचा. "काटा आकडा सांगतो," तो म्हणतो, "माल कुठे भरलाय ते सांगत नाही." दोन ट्रक, दोन्ही तीस टनांचे. एकाचा माल शेपटाकडे, तो वळणावर डुलतो. दुसऱ्याचा नीट मध्यावर, तो गुमान जातो. खेळातही तो हेच करतो. गाडीत चाळीस किलो मुद्दाम भर टाकायची आणि ती बोटबोट पुढे-मागे सरकवत बसायची. आकडा तेवढाच राहतो, पण गाडीचा स्वभाव बदलतो. हे सगळं चौकटीच्या वहीत लिहिलेलं असतं, आणि वही कुणाला बघू देत नाही.

काट्याशेजारी धान्य वाळवायची यंत्रं होती. त्यांचे पंखे सुगीत चोवीस तास घोंघावायचे. एकतीस वर्षांत एल्व्हिओचे कान त्यांनी खाल्ले. त्याच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून, ओठ दाखवून बोलावं लागतं. खेळ तो आवाज बंद ठेवूनच लावतो, कारण ऐकूच येत नाही तर वीज कशाला जाळायची, असं त्याचं म्हणणं. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे आमचं गाव. इथे मूल जन्मलं की त्याचं नाव नंतर ठरतं, गाडी आधी ठरते. एकतर तुम्ही लंबगोलवाले, नाहीतर बोवाले. गाड्यांच्या नाकावर जे बिल्ले असतात त्यांवरून, एकीचा लंबगोल, दुसरीचा गळ्यातल्या बो-टायच्या आकाराचा. हमरस्त्यावरच्या जुन्या शर्यतींपासून हे चालत आलंय, आणि नवरा बदलता येतो, पक्ष बदलता येतो, हे बदलता येत नाही. आमचं घर बोवालं. बेर्तिनातांचं घर असं लंबगोल, की त्यांच्या वडिलांना निळ्या झेंड्यात गुंडाळून पुरलं. पाद्रीबुवांनी नाक मुरडलं, पण तेही लंबगोलवालेच, मग काय बोलणार.

एल्व्हिओचा थोरला भाऊ दार्दो. मेकॅनिक. गावाबाहेरच्या वळणावर त्याचं गॅरेज होतं आणि पाटीवर लिहिलेलं होतं, 'बोच्या गाड्या दुरुस्त होणार नाहीत, त्यांना इलाज नाही.' इंजिन नुसतं ऐकून तो दुखणं सांगायचा. डोळे मिटायचा, मान कलती करायचा आणि म्हणायचा, "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह." खोलून बघावं तर तिसऱ्याचाच. माझ्या विशीत कार्निव्हलच्या नाचाला त्याने मला विचारलं होतं. मी होही म्हटलं होतं. मला न्यायला तो आमच्या दारापर्यंत आला, दारात उभी असलेली माझ्या भावाची गाडी बघितली, आणि तसाच परत फिरला. त्यानंतर चाळीस वर्षं तो मला 'बोवाली' म्हणूनच हाक मारायचा. "ए बोवाली, सँडविच आण, आणि त्यात विष घालू नकोस." मी म्हणायची, "विष महाग झालंय रे, तुझ्यावर कोण खर्च करेल." असं आमचं चालायचं.

दोघा भावांनी लग्नाच्या बाबतीत अर्धं-अर्धं केलं. दार्दोने केलं, एल्व्हिओने नाही. दार्दोची बायको गेली, मुलगी मारिसेल शिकून रोसारिओ शहरात गेली, तिथे तिने औषधांच्या दुकानात नोकरी धरली आणि फाब्रिसिओ नावाच्या भल्या माणसाशी लग्न केलं. माणूस भला, पण बोवाला. लग्नाच्या दिवशी चर्चपासून हॉलपर्यंत नऊ चौक दार्दो पायी चालत आला, जावयाच्या सजवलेल्या गाडीत बसला नाही. आमच्याकडे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, हॉलमध्ये शिरला तेव्हा कोटातून पाणी गळत होतं. अकरा वर्षं झाली, त्या गाडीला त्याने कधी बोटही लावलं नाही.

मग दोन वर्षांपूर्वी दार्दोला झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणंही गेलं. सगळ्या शब्दांतून एकच उरला, 'झालं.' भूक लागली तरी झालं, राग आला तरी झालं, मला बघितलं तरी झालं. बोवाली म्हणणंही गेलं. मला वाटलं नव्हतं, की त्याची आठवण येईल.

एल्व्हिओने त्याला आपल्याकडे आणलं. धुणं, पुसणं, भरवणं, सगळं केलं. आणि खेळही त्यानेच लावून दिला. ट्रॅक्टरच्या चाकाला असते तशी मूठ स्टिअरिंगला बसवली, म्हणजे एका डाव्या हाताने फिरवता येईल. पेडलं सगळी डावीकडे सरकवली. गाडी एल्व्हिओने निवडायची, चालवायची दार्दोने. गाडी अर्थात लंबगोलच. दुसरी लावली की दार्दो मूठ सोडून द्यायचा. सुरुवातीला तो जिंकायचासुद्धा. आमचे बोवाले चरफडायचे आणि त्यांना मी वर चहात साखर कमी घालून द्यायची.

पण हा खेळ बनवणारे कुठे तरी जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेले असतात, आणि महिन्या-महिन्याला आकडे बदलतात. काल साडेचारशेत बसणारी गाडी आज बसत नाही. कुणी विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. एल्व्हिओ म्हणायचा, "आमच्या काट्याची तपासणी वर्षातून एकदा सरकारी माणूस यायचा तेव्हा व्हायची, आणि तोही आधी दार वाजवायचा." काय करणार? वही उघडायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. त्यात दार्दोचा डावा हातही हळूहळू थकत गेला. या वर्षी तो शेवटून पहिला, शेवटून दुसरा, असा यायला लागला. एप्रिलमध्ये एका शनिवारी मध्येच थांबला आणि भिंतीकडे बघत बसला.

मे महिन्यात एल्व्हिओच्या हातून तो न्हाणीघरात निसटला. एल्व्हिओ अडुसष्ट वर्षांचा, कंबर गेलेली. दोघेही ओल्या फरशीवर तासभर पडून होते, एकाला बोलता येईना आणि दुसऱ्याला उठता येईना. मीच जेवणाचा डबा घेऊन गेले तेव्हा दार उघडलं.

मारिसेल दुसऱ्याच दिवशी आली. रोसारिओला तिच्या घराजवळच एक वृद्धाश्रम आहे, जागा मिळत होती. फाब्रिसिओने गाडी दारात लावली. दार्दोला धरून आणलं, पण गाडी दिसताच त्याने डाव्या हाताने फाटकाचा खांब असा पकडला की दोघांना तो सोडवता येईना. "झालं, झालं, झालं," एवढंच. मारिसेल रडली आणि परत गेली. जूनमध्ये पुन्हा आली, पुन्हा तेच. गावात हसायला विषय झाला. "बघा, डोकं गेलं पण लंबगोल नाही गेला." दुसरी गाडी भाड्याने आणावी तर त्यालाही तो तयार नसता, पण खरं सांगायचं तर कुणी आणलीच नाही. एल्व्हिओनेही सुचवलं नाही. तो काउंटरवर येऊन बसला आणि माते, म्हणजे आमचा कडू चहा, नळीने ओढत माझ्याकडे बघून हळूच हसला. "नाही बसत तो त्या गाडीत," म्हणाला. "कधीच नाही बसणार." एवढा आनंद मी त्याच्या तोंडावर पूर्वी पाहिला नव्हता. चूक होती का त्याची? मारिसेलचं सगळं बरोबर होतं, आणि तरीही माझं मन एल्व्हिओकडे होतं.

त्या दुसऱ्या खेपेला जाताना मारिसेल त्याला म्हणाली, आणि हे तिने त्याच्यासमोर उभं राहून, त्याला नीट कळेल असं सांगितलं, "काका, बाबा इथे सुकून चाललेत. शेवटून पहिले येतात. मध्ये एकदा नुसते भिंतीकडे बघत बसले होते म्हणे. तुम्ही जीव ओतताय, मला दिसतंय. पण त्यांना आता कशातच राम वाटत नाही."

"ये पुढच्या महिन्यात," एल्व्हिओ म्हणाला. "शेवटच्या शनिवारी ये आणि शर्यत बघ. जिंकला तर?"

"काका, असं नका करू."

"जिंकला तर सप्टेंबरात वसंत लागेपर्यंत राहू देशील?"

तिने मान हलवली. हो म्हणाली असं नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

जुलैच्या शेवटच्या शनिवारची शर्यत उलिसेसने आधीच जाहीर केली होती. दहा फेऱ्या, हद्द साडेचारशेची, आणि फक्त आपल्याकडच्या जुन्या गाड्या. खेळात नुकताच आमच्या हमरस्त्यावरच्या शर्यतींतल्या सहा जुन्या गाड्यांचा संच आला होता. सहा गाड्या. एल्व्हिओ खूष होता, कारण त्यात लंबगोलची सहा सिलिंडरची होती, आणि ती चारशे सत्तेचाळीसवर होती. जणू दार्दोसाठीच कुणी मापून ठेवलेली.

मंगळवारी आकडे बदलले. ती चारशे एकसष्ट झाली.

बुधवारी एल्व्हिओ कँटीनमध्ये आला तेव्हा त्याची दाढी वाढलेली होती. वही माझ्या काउंटरवर उघडी टाकली, पहिल्यांदाच. "अकरा कमी करायचेत," म्हणाला. "इंजिनाचा गळा आवळला तर चढावर बसून राहते. वजन घातलं तर टायर खाते, सहाव्या फेरीला थांबावं लागतं. थांबला की संपलं, एका हाताने परत रांगेत घुसायला त्याला जमत नाही."

"मग बैलवाली घे," मी म्हटलं. तीही आमच्याकडचीच जुनी गाडी, बैलाचा बिल्ला असलेली.

"मागून सरकते."

"ती छोटी इटालियन?"

"हलकी आहे, पण सारखी सांभाळावी लागते. दोन हात हवेत तिला."

असं करत त्याने पाच गाड्या निकालात काढल्या. सहावीचं नाव त्याने घेतलं नाही, आणि मीही घेतलं नाही. सहावी बोची होती. चारशे अठ्ठेचाळीस, काहीही न करता. दोन किलोसुद्धा इकडचे तिकडे करायला नको.

शुक्रवारी दुपारी तो मला हॉलच्या कोपऱ्यात घेऊन गेला. क्लबात कुणी नव्हतं, सगळे झोपलेले. "बघ," म्हणाला, आणि स्वतः खुर्चीत बसला. ज्या माणसाची गाडी पहिल्या वळणाला गवतात जाते, तो माणूस डावा हात मुठीवर ठेवून, उजवा हात मांडीखाली दाबून, दहाच्या दहा फेऱ्या रस्त्यावर राहिला. टायर शेवटपर्यंत पुरले. आवाज नेहमीसारखा बंद होता. पडद्यावर निळी गाडी पळत होती, पांढरा पट्टा, अडतीस नंबर, नाकावर लंबगोल. दार्दोच्या जुन्या गाडीचे रंग. मी बघतच राहिले.

"ही लंबगोल आहे?" मी विचारलं.

"रंगवलीय," तो म्हणाला. "खेळात रंगवता येते. बिल्ला काढला, दुसरा लावला. बघायची जागा पुढच्या बंपरवर ठेवलीय, त्याला रस्ताच दिसेल, आतलं काही दिसणार नाही. यादीतून गाडीचं नाव उलिसेस काढून टाकणार आहे."

"आणि उलिसेस काय म्हणाला?"

"म्हणाला, हे बरोबर नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे." मग त्याने पडदा बंद केला. "ओफेलिया, मी रंगवली खरी. वर वडील बघत असतील तर काय म्हणत असतील? पण मी काय करू, तू सांग. मी ज्या गाडीत रस्त्यावर राहतो, त्या गाडीत तो जिंकतो. दुसरी गाडीच नाहीये."

मी कट्टर बोवाली. माझ्या आयुष्यातला हा विजयाचा क्षण असायला हवा होता, की एक बेर्तिनात माझ्यासमोर कबूल करतोय आमची गाडी सर्वांत चांगली म्हणून. मी नुसतं फडकं घेऊन टेबल पुसायला लागले.

शनिवारी हॉल भरला होता. मारिसेल आणि फाब्रिसिओ दुपारीच आले होते, पुढच्या रांगेत बसले. फाब्रिसिओ बिचारा आपली गाडी दोन चौक लांब लावून आला होता. सहा खुर्च्या, सहा पडदे. आवाजासाठी हेडफोन, कारण पलीकडे पत्ते खेळणाऱ्यांनी मागे भांडण काढलं होतं. दार्दोला हेडफोन घालायचं काम माझं. त्याचा उजवा कान दुखरा आहे आणि एल्व्हिओची बोटं जाडी.

हेडफोन कानांवर ठेवायच्या आधी तो माझ्या हातात होता, आणि इंजिन चालू झालेलं होतं. ते मी ऐकलं. त्या इंजिनावर मी लहानाची मोठी झाले. वडील रोज सकाळी अंगणात ते तापत ठेवायचे आणि त्या घोगऱ्या, जड आवाजाने आम्हा भावंडांना जाग यायची. लंबगोलचं सहा सिलिंडर वेगळं, त्याचा आवाज वर चढतो. कोलोनिया ग्रेगोरियात कुणालाही झोपेतून उठवून विचारा. कुणालाही, एका माणसाला सोडून. एल्व्हिओने बिल्ला बदलला होता, रंग बदलला होता, नाव पुसलं होतं. आवाज म्हणून काही असतो, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

मी काय करणार होते? रेषेवर गाड्या उभ्या होत्या, उलिसेस आकडे मोजत होता. मी हेडफोन दार्दोच्या कानांवर ठेवला.

त्याचा डावा हात मुठीवरून निघाला. मान कलती झाली, जशी गॅरेजमध्ये व्हायची, आणि डोळे मिटले. मग उघडले. त्याने खाली बघितलं. एल्व्हिओ त्याच्या पायाशी बसून, दुखरी कंबर धरून, पेडलाचा पट्टा त्याच्या डाव्या बुटाला बांधत होता. त्या टक्कल पडलेल्या डोक्याकडे दार्दो बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, तशी त्याने नको म्हणून मान हलवली, अगदी थोडी. आणि हात परत मुठीवर ठेवला.

तो दहा फेऱ्या चालवत होता आणि मी त्याच्या मागे फडकं हातात घेऊन उभी होते. पाचव्या फेरीपर्यंत तो तिसरा होता. सहाव्याला पुढचे दोघे टायर बदलायला आत गेले, आणि दार्दो थांबला नाही. सातव्याला चार सेकंद पुढे. एल्व्हिओने दोन्ही मुठी तोंडावर धरल्या होत्या. मारिसेल उभी राहिली होती. एकही वळण चुकलं नाही, एकदाही चाक गवतात गेलं नाही. गाडी इतकी सुंदर त्याने धडधाकट असतानाही चालवली नव्हती. शेवटची रेषा ओलांडली तेव्हा हॉल उठला. बोवालेसुद्धा टाळ्या वाजवत होते. आपल्याच गाडीला वाजवतोय हे त्यांना माहीत नव्हतं.

दार्दो रडत होता. सगळ्यांना वाटलं आनंदाने. एल्व्हिओने त्याचं डोकं छातीशी धरलं आणि मोठ्याने, बहिरी माणसं बोलतात तसं, सगळ्या हॉलला सांगितलं, "बघितलंत? लंबगोल आहे लंबगोल." मारिसेलने दोघांना मिठी मारली. "राहू देत काका," म्हणाली. "सप्टेंबरपर्यंत तरी राहू देत." एल्व्हिओने तिचे हात धरून ठेवले.

रविवारी दुपारचं जेवण एल्व्हिओकडे होतं. सारण भरलेली रावियोली मी केली होती, म्हणून मीही होते. दार्दोने चार घास खाल्ले. सगळे हसत होते, उलिसेस फेऱ्यांच्या वेळा वाचून दाखवत होता. तीन वाजता मारिसेल निघाली. गाडी फाटकासमोर होती.

दार्दो चार पायांच्या काठीला धरून उठला. निरोप द्यायला येतोय असं सगळ्यांना वाटलं. तो फाटकापर्यंत आला, फाटक ओलांडलं, गाडीपाशी गेला. ज्या खांबाला तो दोनदा चिकटून राहिला होता त्याला त्याने हातही लावला नाही. डाव्या हाताने पुढचं दार उघडलं, पाठ करून हळूहळू बसला, आणि मग हाताने उचलून उजवा पाय आत घेतला.

एल्व्हिओ आधी हसला. "अरे दार्दो, ही त्यांची गाडी."

"बाबा, तुम्हाला इथेच राहायचंय," मारिसेल म्हणाली. "काकांशी ठरलंय आमचं."

दार्दो समोर बघत होता. पट्टा त्याने ओढला, पण एका हाताने तो अडकवता येईना. म्हणून पट्टा हातात धरून तो थांबला, कुणीतरी अडकवेल म्हणून.

"झालं," तो म्हणाला. एकदाच, शांतपणे.

मारिसेलने एल्व्हिओकडे बघितलं, एल्व्हिओने माझ्याकडे. तिघांनी समजावलं, हात धरले, पण तो हलेना. शेवटी एल्व्हिओनेच वाकून तो पट्टा अडकवला. मग घरात गेला, औषधं, चष्मा आणि लोकरीची टोपी एका पिशवीत घालून आणली. गाडी वळणावर जाईपर्यंत तो रस्त्यात उभा होता.

"बसला कसा गं हा त्या गाडीत?" त्याने मला विचारलं. आठवडाभर तो हेच विचारत होता, मला, उलिसेसला, पावाच्या दुकानात. मग स्वतःच उत्तर द्यायला लागला. "आजाराने पुसलं असेल. आता त्याला लंबगोल काय आणि बो काय, कळत नसेल. म्हणजे शनिवारीही कळलं नसेल, ते एक बरं झालं." मी मान डोलवायची. एकोणीस वर्षांत त्या काउंटरमागे मी पुष्कळ खोटं ऐकून मान डोलवलीय, पण इतकी जड कधी झाली नव्हती.

पुढच्या शनिवारी तो तीनलाच आला. हॉलमध्ये जाऊन दार्दोच्या खुर्चीत बसला. ती मूठ अजून काढलेली नव्हती. त्याने पडदा लावला, निळी गाडी आणली, रेषेवर उभी केली. मग काय वाटलं कोण जाणे, खुंटीवरचा हेडफोन काढून त्याने कानांवर घातला. भाऊ बसायचा तसं बसून बघावं, एवढंच मनात असेल. मी पाव कापत होते, दारातून दिसत होतं. आवाजाचं बटण तो फिरवत गेला, फिरवत गेला, पूर्ण टोकापर्यंत. इतका, की तो घोगरा, जड आवाज मला काउंटरवर ऐकू आला.

गाडी जागेवरच उभी, इंजिन चालू. मग हेडफोन काढून त्याने हातात धरला आणि माझ्याकडे वळला.

"शनिवारीही हा आवाज असाच येत होता?"

मी सुरी ठेवली आणि त्याला माझे ओठ दिसतील अशी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"मग चालवली का त्याने? सोडून का नाही दिली?"

"तू खाली बसून त्याच्या बुटाला पट्टा बांधत होतास," मी म्हटलं. "त्याने ते बघितलं."

एल्व्हिओने वही उघडली, त्या दिवसाचं पान काढलं, आणि आपण सुबक अक्षरात लिहिलेले आकडे बघत राहिला. साडेचारशेला दोन कमी. वजन बरोबर, टायर बरोबर, सगळं बरोबर.

"म्हणजे फाब्रिसिओच्या गाडीचं दार मीच उघडून दिलं त्याला," तो म्हणाला.

'नाही रे,' असं मला म्हणायचं होतं. तेवढ्यात लोक यायला लागले, आणि कुणीतरी दारातूनच ओरडून त्याला विचारलं, की आज हद्द पाचशेची आहे, तर कुठली घेऊ. त्याला ते ऐकू गेलं नाही.